टकटकवाल्यांचा डावा बूट

मित्रांनो, मी एक जुना, उंच टाचेचा बूट आहे. उंच टाचेचा होतो, असं म्हणायला हवं. पण इतक्या वर्षांची सवय जात नाही. जोडीतला मी डावा. उजवा माझ्याशेजारीच पडलेला असतो, पण तो स्वभावाने अबोल. त्यामुळे बोलायचं काम पहिल्यापासून माझ्याकडे आहे, आणि आता तर चवड्यापाशी माझी शिवण उसवली आहे, म्हणून तोंड मिटायचं म्हटलं तरी मिटता येत नाही.

तुम्ही आम्हाला आज पाहिलंत तर हसाल. आमची नाकं छताकडे वळली आहेत आणि मागच्या बाजूला टाचेच्या जागी रबराचा एक जाडसर तुकडा ठोकलेला आहे. हसा. हसण्याची मला सवय आहे. फक्त गोष्ट संपेपर्यंत थांबा, मग हवं तेवढं हसा.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे एक खोली, एक खिडकी आणि खिडकीखाली बसलेला एक म्हातारा कारागीर. त्याच्या तोंडात कायम बारीक खिळे धरलेले असत, त्यामुळे तो कमी बोले. भिंतीवर लाकडी पावलांच्या रांगा होत्या. त्यांना फरमे म्हणतात. फरम्यावर कातडं ताणून बसवलं की बूट आकाराला येतो. मी तेव्हा नुसतं मऊ, गडद तपकिरी कातडं होतो आणि दाराजवळच्या दांडीवर टांगलेला होतो.

एके दुपारी एक बाई आत आल्या. पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करणाऱ्या होत्या. बाहीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले होते. त्यांनी वर्तमानपत्राची एक घडी उलगडून कारागिरापुढे ठेवली. त्यावर पेन्सिलीने दोन पावलं काढलेली होती.

"बाई, हे पाय काही तुमचे नाहीत," कारागीर म्हणाला.

"नवऱ्याचे आहेत."

"आणि टाच केवढी म्हणालात?"

त्यांनी चार बोटं आडवी धरून दाखवली. कारागिराने तोंडातले खिळे एकेक करून काढले आणि डबीत ठेवले. मला वाटलं, आता हा पोट धरून हसणार. त्याने विचारलं, "वजन किती त्यांचं?"

एवढाच त्याचा प्रश्न. पुरुषाचं वजन उंच टाचेवर उभं करायचं म्हणजे बुटाच्या तळव्यात घालायची पोलादी पट्टी रुंद लागते, टाचेच्या आत लोखंडाचा खुंटा लागतो, हे त्याच्या डोक्यात सुरू झालं होतं. एवढ्या मापाचा उंच टाचेचा फरमा त्याच्याकडे नव्हताच. कुणाकडेच नसतो. त्याने एका फरम्याला कातड्याचे थर चिकटवून, तासून, पुन्हा चिकटवून तसा आकार आणला. त्यातच त्याचे नऊ दिवस गेले.

तो माप लिहून घेत होता तेव्हा बाईंनी आपणहून सांगितलं. एकदा त्या कामावरून लवकर घरी आल्या तर नवरा आरशासमोर उभा. पायांत त्यांचे बूट. अर्धं पाऊल बाहेर, कसाबसा तोल सावरत उभा. "मला इतकं हसू आलं की मी खाली बसले. मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. हसू थांबलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. म्हणून हे बूट."

कारागीर "हं" म्हणाला आणि खिळे पुन्हा तोंडात धरले.

असे आम्ही जन्मलो. घोट्याच्या वर येणारे, बाजूला चेन असलेले, चार बोटं टाचेचे. आपल्या तोंडाने आपली स्तुती करू नये, पण आम्ही देखणे होतो.

आमचे मालक केस कापायचे. त्यांचं स्वतःचं छोटं दुकान होतं. उंच, जाड मिशांचे, अंगाने भरलेले आणि आवाजाने मऊ. उंचीसाठी त्यांना टाच हवी होती असं कुणाला वाटेल, तर तसं काही नव्हतं. दुकानाच्या दारातून आत येताना त्यांना मुळातच मान लववावी लागे. आमच्यामुळे जरा जास्त लववावी लागली, इतकंच. पहिल्यांदा आम्हाला पायांत घातलं तेव्हा ते टेबलाला धरून उभे राहिले. बाई शिलाई मशीनवर मान खाली घालून बसल्या होत्या, जणू त्यांचं लक्षच नाही. मालकांनी टेबल सोडलं. एक पाऊल, दुसरं पाऊल, खिडकीपर्यंत आणि परत. उंच टाचेवर चालताना पाऊल आखूड पडतं, पाठ आपोआप ताठ होते आणि खाली बघून चालत नाही. खिडकीपाशी त्यांनी हळूच स्वतःशी शीळ घातली. त्या दिवसापासून मी त्यांचा झालो.

सुरुवातीला आम्ही घरातच असायचो. मग एका सकाळी ते आम्हाला घालून दुकानात निघाले. बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, नक्की ना?"

"पाय तर निघालेत," मालक म्हणाले.

दुकानात दोन खुर्च्या, तीन आरसे, वाट बघणाऱ्यांसाठी एक बाक आणि खाली गुळगुळीत फरशी. त्या फरशीवर आमचा आवाज काय छान उठायचा! खुर्चीच्या या बाजूने त्या बाजूला टक टक, पावडरच्या डब्यापर्यंत टक टक, आणि कात्री थांबली की आम्हीही थांबायचो. आठ दिवसांत सगळा रस्ता त्यांना 'टकटकवाले' म्हणू लागला.

नाव गमतीचं होतं, पण सगळंच गमतीचं नव्हतं. काही जण दारातूनच परत फिरले. काही जण आत यायचे, बसायचे आणि आरशात मालकांचा चेहरा सोडून पायच बघत राहायचे. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? कुणी म्हणे, बायकोला डोक्यावर बसवून घेतलंय. कुणी म्हणे, वयाचं तरी भान हवं. एकाने बंद दुकानाच्या दारावर खडूने बुटाचं चित्र काढून ठेवलं. सकाळी मालक त्या चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "टाच चुकलीय. एवढी बारीक असती तर मोडली असती." मग फडक्याने पुसून टाकलं.

शेजारी औषधांचं दुकान होतं. त्याचा मालक मनाचा चांगला. तो एक दिवस दाढी करायला आला आणि हळू आवाजात म्हणाला, "हे बघा, मी एक सुचवतो. डॉक्टरांनी दिलेत म्हणून सांगा. कंबरेसाठी. कुणी चकार शब्द काढणार नाही."

"पण डॉक्टरांनी नाही दिले."

"अहो, सांगायला तुमचं काय जातं?"

"मला आवडतात म्हणून घालतो," मालक म्हणाले. "एवढं सोपं कारण आहे, ते सोडून खोटं कशाला शोधू?"

औषधवाल्याने मान हलवली आणि पुढच्या वेळेपासून तो दुसरीकडे जाऊ लागला. मित्रांनो, मला माणसांचं एक कळलेलं नाही. दुखतंय म्हणून सांगितलं असतं तर सगळ्यांनी आम्हाला सांभाळून घेतलं असतं. मजा वाटते म्हणून सांगितलं, ते कुणाला सहन झालं नाही.

टिकून राहिले ते थोडेच. त्यांत कोर्टातून निवृत्त झालेले एक कारकून होते. बाकावर कुणी फिदीफिदी हसायला लागलं की ते साबण लावलेल्या तोंडाने म्हणायचे, "बाबांनो, ज्याच्या हातात वस्तरा आणि वस्तऱ्याखाली आपला गळा, त्याच्या पायांना हसू नये." सगळं दुकान हसायचं, मालकही हसायचे. पण दोनांपैकी एक खुर्ची रिकामी राहू लागली. बाईंनी तिला पडद्याच्या उरलेल्या कापडाची खोळ शिवून दिली, धूळ बसू नये म्हणून.

त्यांना एक मुलगी होती. लहान असताना तिचं आमच्यावर फार प्रेम. जुन्या मोज्यात हात घालून ती आम्हाला पॉलिश करायची, आणि कधी कधी दोन्ही बुटांत हात घालून जमिनीवर ओणवी होऊन घरभर टक टक फिरायची. मालक म्हणायचे, "हळू, पोरी, गिऱ्हाईक पळून जातील." ती खिदळायची.

मग ती मोठ्या शाळेत जाऊ लागली. एके दिवशी संध्याकाळी घरी आली ती दप्तर न काढताच उभी राहिली.

"बाबा, उद्या शाळेत पालकांना बोलावलंय. तुम्ही साधे बूट घालून या."

"बरं," मालक म्हणाले.

"आणि..." ती आमच्याकडे न बघता बोलत होती, "मैत्रिणी दुकानावरून जातात. मुली विचारतात, तुझ्याकडे दोन आया आहेत का."

"मग तू काय सांगतेस?"

"काही नाही. काय सांगणार?" तिला रडू फुटलं. "हे काढा ना बाबा. माझ्यासाठी काढा."

मालकांनी तिथेच स्टुलावर बसून आमची चेन उघडली. आधी उजव्याची, मग माझी. बाई स्वयंपाकघरातून आल्या आणि भडकल्या. "लोकांच्या पोरी काहीही बोलतील, म्हणून तुम्ही काढणार? आणि तू गं? उद्या लोक म्हणाले, आईचा चेहरा नको, तर तोही झाकायला लावशील?"

"असू दे," मालक म्हणाले. "तिला रोज त्याच रस्त्याने जायचंय."

आम्ही खोक्यात गेलो. मुलगी त्या वेळी बारा वर्षांची होती. मी तिला दोष देत नाही. बारा वर्षांच्या मुलीला साऱ्या वर्गाशी एकटीने लढता येत नाही. पण खरं सांगतो, त्या दिवशी मला तिचा राग आला होता.

पुढची वर्षं मी खोक्यातून ऐकली. कधीतरी, मुलगी घरात नसताना, मालक आम्हाला काढायचे, खिडकीपर्यंत जाऊन यायचे, फडक्याने पुसून परत ठेवायचे. मुलगी शिकली, दुसऱ्या गावी एका कचेरीत नोकरीला लागली. तरी आम्ही खोक्यातच राहिलो. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, तशी भीतीही जात नाही. मालकांना आता टकटक आवाजाचीच धास्ती वाटू लागली होती.

मग बाई आजारी पडल्या आणि गेल्या. सगळं तीन आठवड्यांत झालं.

त्यांना शेवटचं पोचवायला निघताना मालकांनी खोकं उघडलं. चेन दोनदा अडकली. मला वाटतं, त्या क्षणी त्यांच्या मनात लोक नव्हते, मुलगी नव्हती, फक्त एक बाई होत्या, ज्यांनी एकदा हसल्याची भरपाई म्हणून आम्हाला करून घेतलं होतं. त्यांचं देणं पायांत घालून त्यांच्यामागून चालायचं, एवढंच त्यांना सुचलं.

स्मशानाची वाट कच्ची होती. मऊ माती आणि मधे मधे दगड. दर पावलाला आमच्या टाचा रुतत आणि मालक त्या उपसून काढत. माणसं मागून कुजबुजत होती, आणि ती कुजबुज मालकांच्या कानांवर येत होती. कुणी त्यांचा दंड धरला नाही. मुलगी चार पावलं पुढे चालत होती, तिने मागे वळून पाहिलं नाही. एका ठिकाणी माझी टाच दोन दगडांत अडकली, मालकांनी ओढली, आणि आत काहीतरी कडकन सुटलं. त्यानंतर ते लंगडतच चालले.

घरी आल्यावर, पाहुण्यांसमोर, मुलगी म्हणाली, "आज तरी! आज तरी लोकांनी आईबद्दल बोलायला हवं होतं. सगळे तुमच्या पायांबद्दल बोलत होते."

"अगं, तिनेच हे..."

"तिचं नाव मधे आणू नका. तुमची हौस होती, तुम्ही भागवलीत."

दुसऱ्या दिवशी ती निघून गेली. त्यानंतर सहा वर्षं बापलेकीत तुटलेलंच होतं. वर्षातून दोनदा फोन यायचा. "तब्येत?" "बरी आहे." "औषधं?" "घेतो." संपलं. फोन ठेवल्यावर मालक बराच वेळ फोनपाशीच बसून राहायचे. आमची सैल टाच दुरुस्त करायला त्यांनी कुणाकडे नेलं नाही. आमचा कारागीर केव्हाच वारला होता, आणि आता कुणासाठी चालायचं, असं त्यांना वाटत असावं. त्यांनी आम्हाला पुसलंही नाही.

सहा वर्षांनी मालकांचा उजवा हात कापू लागला. केस कापणाऱ्याचा हात कापू लागला की दुकान संपलं. त्यांनी महिनाअखेरीस दुकान बंद करायचं ठरवलं. कोर्टाच्या कारकुनांनी मुलीला फोन केला, "शेवटच्या दिवशी तरी ये. तो बोलावणार नाही, म्हणून मी बोलावतोय." ती दोन दिवस आधी आली.

घर आवरताना तिच्या हाती आमचं खोकं लागलं. तिने झाकण काढलं आणि मला बाहेर घेतलं. माझ्या टाचेवर स्मशानातली माती वाळून घट्ट बसली होती. ज्या माणसाला फरशीवर केसाची एक बट पडलेली खपत नसे, दर गिऱ्हाइकानंतर जो झाडू मारत असे, त्याने सहा वर्षं ती माती पुसली नव्हती. मुलीने नखाने ती जराशी खरवडली, मग थांबली. आणि मला मांडीवर घेऊन ती जमिनीवर बसली आणि हमसून हमसून रडली. "आईने दिलेले," ती म्हणाली. "आईला पोचवायला म्हणून घातले होते." त्या दिवशी तिने मधेच तोडलेलं बाबांचं वाक्य तिला आता पूर्ण ऐकू आलं. माझा तिच्यावरचा राग तिथेच संपला.

तिने मनाशी एक ठरवलं. शेवटच्या दिवशी बाबांनी हे बूट घालून दुकानात उभं राहायचं, सगळ्यांसमोर, आणि आपण शेजारी उभं राहायचं. तोंडाने माफी मागायचं धाडस तिच्यात नव्हतं. ती आम्हाला पिशवीत घालून चौकातल्या मोच्याकडे घेऊन गेली.

मोची सज्जन होता, हे मी आधीच सांगून ठेवतो. आयुष्यभर त्याने कामगारांचे बूट आणि सपाट चपला शिवल्या होत्या. मुलीने मला पुढे केलं. "टाच सुटलीय. घट्ट बसवून द्या. माझ्या बाबांचे आहेत. परवा त्यांच्या दुकानाचा शेवटचा दिवस, तेव्हा घालायचेत."

"बाबांचे?"

"हो. वय झालंय त्यांचं, हात कापतो. म्हणून जरा पक्कं करा." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. ती पटकन निघून गेली.

मोची बराच वेळ आम्हाला उलटंपालटं करत राहिला. मग शेजारच्या छत्री दुरुस्त करणाऱ्याला म्हणाला, "म्हाताऱ्या माणसाला हे घालून उभं करायचं? पडेल, नाहीतर लोक हसतील. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं, पाहिलंस ना? लाजेने तिला बोलता येईना. टाच कापून सपाट करून देतो. म्हाताऱ्याची फजिती टळेल."

"पोरीला विचार तरी," छत्रीवाला म्हणाला.

"विचारून तिला आणखी कशाला लाजवू?"

मित्रांनो, करवतीबद्दल मी काही सांगणार नाही. एवढं मात्र समजून घ्या. उंच टाचेवर घडलेल्या बुटाचा तळवाच तसा वळलेला असतो. मागून टाच काढली की पुढचं नाक वर उचलतं आणि बूट झोपाळ्यासारखा डुलायला लागतो. मोच्याच्या हे लक्षात आलं, पण तोवर दोन्ही टाचा खाली पडल्या होत्या. मग त्याने तळव्यातली पोलादी पट्टी ठोकून सरळ करायचा प्रयत्न केला. ती तडकली. घाबरून त्याने रबराचे तुकडे ठोकले, माती धुऊन टाकली, आम्हाला लखलखीत पॉलिश केलं आणि कागदात गुंडाळून सुतळीने बांधलं. दुसऱ्या दिवशी मुलगी आली, तेव्हा तो म्हणाला, "काळजी करू नका, तुमच्या मनासारखं केलंय." तिने पुडकं उघडलं नाही. बाबांसमोरच उघडायचं, असं तिने ठरवलं होतं.

शेवटच्या दिवशी सकाळी दुकान भरलं होतं. कारकून होते, जुने सगळे होते, इतक्या वर्षांनी औषधवालाही आला होता. मुलीने पुडकं मालकांच्या हातात दिलं. "बाबा, आज हे घाला. सगळ्यांसमोर घाला."

मालकांनी सुतळी सोडली. आम्हाला पाहिलं. अंगठ्याने माझ्या मागचं रबर चाचपलं. त्यांचा चेहरा मी इतकी वर्षं खालून बघत आलो होतो. तो असा कधी पाहिला नव्हता.

मुलगी पांढरीफटक पडली. "हे... बाबा, मी असं करायला सांगितलं नव्हतं."

"हो, हो," मालक म्हणाले. "चांगले झालेत."

"बाबा, खरंच मी नाही सांगितलं!"

"अगं, हो. कळलं मला." लहान मुलाने काही सांडलं की आपण 'राहू दे' म्हणतो ना, तशा आवाजात ते बोलले. आणि स्टुलावर बसून त्यांनी आम्हाला पायांत चढवलं.

त्यांना काय वाटलं, ते मला पायांतून कळत होतं. त्यांना वाटलं, पोरीने सहा वर्षांनी आपल्याला जवळ केलंय, पण तिच्या अटीवर. टाच तेवढी कापून. आणि त्यांनी ती अट मान्य केली. मुलगी पुन्हा पुन्हा सांगत राहिली, तसे ते आणखी समजूतदारपणे मान हलवत राहिले. ज्या तोंडाने एकदा 'काढा' म्हटलं होतं, त्याच तोंडाने आज 'मी नाही' म्हटलेलं त्यांना कसं खरं वाटावं? शेवटी ती रडतच बाहेर धावली.

त्या दिवशी मालकांनी सात जणांचे केस कापले. डाव्या हाताने खुर्चीची पाठ घट्ट धरायची आणि उजव्या, कापणाऱ्या हाताने कात्री चालवायची. पाऊल टाकलं की आम्ही मागे कलायचो, ते सावरायचे. टक टक नव्हतंच, रबराचा नुसता फतफत आवाज. कुणी हसलं नाही. पहिल्यांदाच त्या दुकानात आमच्याकडे बघून कुणी हसलं नाही, आणि मला वाटलं, हसले असते तर बरं झालं असतं. दिवसभर मी त्यांच्या पायात होतो. ओरडून सांगावंसं वाटत होतं की हिने नाही केलं, मी तिथे होतो, मला माहीत आहे. पण बुटाचं ऐकतंय कोण?

संध्याकाळी दुकान रिकामं झालं तेव्हा मुलगी मोच्याला घेऊन आली. हातातलं काम संपवल्याशिवाय तो उठेना, म्हणून ती दिवसभर त्याच्यापुढे बसून राहिली होती. त्याने आपल्या ॲप्रनच्या खिशातून आमच्या कापलेल्या टाचा काढून मालकांपुढे ठेवल्या.

"यांनी घट्ट बसवायलाच सांगितल्या होत्या," तो मान खाली घालून म्हणाला. "मीच जास्त शहाणपणा केला. मला वाटलं, त्यांना बोलायला लाज वाटतेय. आता जोडता येणार नाहीत. आतली पट्टी तुटलीय."

मालक त्या टाचा हातात घेऊन बसले. मग मुलीकडे वळले.

"म्हणजे तू बसवायला नेले होतेस?"

"सकाळपासून तेच सांगतेय, बाबा."

"उंचच?"

"उंचच."

"मला घालायला? सगळ्यांसमोर?"

तिने मान हलवली. मग डोळे पुसत विचारलं, "आणि तुम्ही दिवसभर हे असले घालून का उभे राहिलात? पाय बघा किती सुजलेत."

"मला वाटलं," मालक म्हणाले, "तुला असे आवडतील."

मुलगी त्यांच्या पायांशी बसली आणि तिने आमच्या चेनी उघडल्या. मोची दारात तसाच उभा होता. त्याला कुणी जा म्हटलं नाही आणि बसही म्हटलं नाही.

मालक त्यानंतर पाच महिने जगले. मुलगी त्यांच्याजवळच राहिली. मोच्याने नवीन जोडी करायचा तीनदा प्रयत्न केला, पण ते काम त्याच्या हातचं नव्हतं, आणि मालकांचे पायही आता बुटात मावत नव्हते. ते गेले तेव्हा मुलीने सकाळी उठून पाच दुकानं पालथी घातली. एवढ्या मापाचा उंच टाचेचा बूट कुणीच ठेवत नव्हतं. एका दुकानदाराने विचारलं, कुणासाठी? ती म्हणाली, "बाबांसाठी. त्यांना आवडायचे." शेवटी ते साध्या बुटांतच गेले.

मित्रांनो, मला पॉलिश करा, मला जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझं व्हायचं ते होऊन गेलंय. तुमच्या घरात, शेजारी, वर्गात कुणीतरी असा असेल, ज्याला काहीतरी घालायला, करायला उगीचच आवडतं. त्याला हसू नका, हे तर झालंच. पण त्याच्यावर दया येऊन त्याला चारचौघांसारखा करायलाही जाऊ नका. हसणाऱ्यांनी मालकांना फार तर आम्हाला खोक्यात घालायला लावलं. टाच कापली ती त्यांचं भलं करायला निघालेल्याने. तेव्हा कुणाचीही वस्तू हातात घेण्याआधी त्याला एकदा विचारा, आणि तो जे सांगेल ते खरं माना.